हॅमिल्टनच्या बागा: खऱ्या की देखाव्याच्या?

तुमचे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की, मुलीकडे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला जाणार आहात आणि तिथून दीड-दोन तासांवरच्या हॅमिल्टन शहरात एकाच आवारात जपानी, चिनी, इटालियन, इंग्लिश, भारतीय अशा बागा केल्या आहेत. त्या बघण्यासारख्या आहेत की चित्रनगरीतल्या सेटसारखा सगळा देखावा? दुसरा, तुमच्या गावच्या नगरपरिषदेला दोन एकरांत ‘जगातल्या बागा’ उभारायची हौस आली आहे आणि झाडापेरातलं कळणारा माणूस म्हणून त्यांनी तुमचं मत मागितलं आहे. मी पुण्यात लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून काम करतो. हॅमिल्टनच्या बागा आणि बर्लिनमधला याच जातीचा मोठा प्रकल्प, दोन्ही निवांत फिरून पाहिले आहेत. तेव्हा उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

हॅमिल्टनला जरूर जा आणि अर्धा दिवस हाताशी ठेवा. सहलीच्या गाडीतून उतरून तासाभरात उरकलंत तर फोटोंपलीकडे काही हाती लागणार नाही.

देखाव्याचं म्हणाल तर एका अर्थी तो आहेच. तिथल्या इटालियन बागेमागे कुणा कार्डिनलचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या बड्या धर्मगुरूचा, वाडा नाही, चिनी बागेत कुणी विद्वान राहत नाही. पण एखाद्या परंपरेतली बाग खरी उतरली आहे का, हे झाडांवरून ठरवू नका. आत शिरताना तुम्हाला काय करावं लागतं, नजर कुठे अडवली आणि कुठे मोकळी सोडली, पाणी कुठून येतं नि कुठे जातं, तुम्ही बसायचं की चालायचं, हे बघा. एवढं जमलं असेल तर झाडं परक्या मुलखातली असली तरी बाग त्या परंपरेची होते. हे फसलं असेल तर क्योटोहून दगड आणूनही ती होत नाही. आमच्याकडे ‘जपानी बाग हवी’ म्हणून येणाऱ्या मंडळींना एक बुद्धमूर्ती, एक दगडी दिवा आणि लाल रंगाचा छोटा पूल हवा असतो. या तीन वस्तू बाजारात मिळतात, दुपारी टेम्पोतून येतात, संध्याकाळी मांडून होतात. जपानी बाग मात्र अजून सुरूही झालेली नसते.

हॅमिल्टनची जागा वायकाटो नदीच्या काठावर आहे, ५४ हेक्टर, म्हणजे साधारण १३३ एकर. पूर्वी इथे शहराचा कचरा टाकत, वाळू उपसत, नेमबाजीचा सराव चाले. १९६० मध्ये त्यातला छोटासा तुकडा बाग म्हणून खुला झाला. १९७१ साली जागतिक गुलाब परिषद शहरात भरली, त्या निमित्ताने गुलाबांची बाग आली. आजचं रूप देणारी कल्पना १९८० च्या दशकातली, पीटर सर्गेल या लँडस्केप आर्किटेक्टची. वनस्पतींची कुळं मांडणारं वनस्पती उद्यान करायचंच नाही, माणसाने वेगवेगळ्या काळात बाग का केली आणि कशी केली हे दाखवायचं, अशी ती कल्पना होती. पुढची अनेक वर्षं हे गृहस्थ त्याच कामाला चिकटून राहिले. आपल्याकडे आयुक्त बदलला की आराखडा बदलतो, त्या पार्श्वभूमीवर मला या बागांचं सगळ्यात जास्त कौतुक या चिकाटीचं वाटतं. पैसाही सगळा नगरपालिकेचा नाही. देणग्या, विश्वस्त संस्था आणि स्वयंसेवक यांच्या जोरावर एकेक बाग सवडीने उभी राहिली.

मांडणीतली खरी अक्कल भिंतींत आहे. मुख्य बागा एका सामायिक चौकाभोवती आहेत आणि प्रत्येक बाग आपापल्या भिंतीत किंवा उंच कुंपणात बंद आहे. जपानी बागेत उभं राहून इटालियन बागेतला पुतळा दिसत नाही. एका बागेतून बाहेर आलं की चौकात नजर कोरी होते, मग दुसऱ्या दारातून आत. हे साधलं नसतं तर लग्नाच्या हॉलमधल्या बुफेसारखं झालं असतं, एकाच ताटात पनीर, नूडल्स आणि जिलबी. तुमच्या नगरपरिषदेच्या दोन एकरांचं दुखणं नेमकं इथेच आहे, त्यावर शेवटी येतो.

आता चारबाग. भारतीय मंडळी आधी तिकडे धावतात, तुम्हीही धावाल. पाटीवर ‘भारतीय’ असलं तरी चार भागांत पाण्याने विभागलेल्या बागेचं मूळ इराणात, पसारगडला सायरस या प्राचीन इराणी सम्राटाच्या काळापर्यंत मागे जातं. बाबराने १५२६ नंतर आग्र्यात बागा घातल्या तेव्हा त्याची मोठी तक्रार वाहतं पाणी नसल्याची होती. काबूलकडे डोंगरउतारावरून पाणी आपसूक येतं; इथे विहिरीतून रहाटाने उपसून उंच टाकीत चढवावं लागलं. सपाट गंगा-यमुनेच्या खोऱ्यात ही बाग आली आणि बदलली. आग्र्यात यमुनेच्या दोन्ही काठांवर बागांची रांग झाली आणि मुख्य इमारत बागेच्या मधोमध न ठेवता नदीकाठच्या ओट्यावर नेली गेली. दिल्लीला हुमायूनची कबर चारबागेच्या मध्यावर आहे. ताजमहाल मात्र बागेच्या टोकाला, नदीवर आहे. हा फरक ध्यानात ठेवून हॅमिल्टनच्या चारबागेत शिरा. तिथेही पाटाचा आस सरळ मंडपाकडे नेतो आणि मंडपातून वायकाटो नदी दिसते. म्हणजे त्यांनी नुसती ‘मोगल बाग’ केलेली नाही. हाताशी नदी होती म्हणून आग्र्याच्या नदीकाठच्या बागेचा नमुना निवडला. अशा निवडीला मी खरेपणा म्हणतो.

आत गेल्यावर वाफ्यांची पातळी बघा. चारबागेत चालायचा रस्ता उंच आणि वाफे खोल असतात. त्यामुळे फुलं पायाखाली गालिचा अंथरल्यासारखी दिसतात, आणि मोठ्या बागांत फळझाडांचे शेंडे हाताशी येतात. मूळ बागांत डाळिंब, लिंबूवर्गीय झाडं, सरू असायचे; हॅमिल्टनला भर हंगामी फुलांवर आहे. तिथे फुलं फार सुरेख येतात, पण सावली आणि फळ हरवतं. आग्र्याच्या मे महिन्यात सावली म्हणजे जीव, हॅमिल्टनच्या सौम्य हवेत तिची कुणाला नड नाही. त्यामुळे ही बाग दिसते बरोबर, पण तिची तहान कळत नाही. रखरखीत उन्हातून येऊन पाटाच्या कडेला बसलं तरच चारबाग अंगाला कळते. बीबी का मकबरा बहुतेक मराठी माणसांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. १६६०-६१ च्या सुमाराची ती बाग चारबागच आहे. पुढच्या वेळी कबरीकडे पाठ करून पाटांकडे बघा, आणि तिथून पाणचक्कीवर जाऊन डोंगरातलं पाणी खापरी नळांतून कसं आणलं आहे तेही बघा. पाणी खेळतं ठेवणं हेच या बागेचं मुख्य काम होतं. ताजमहालातल्या कारंज्यांखाली तांब्याची भांडी बसवली आहेत. पाणी आधी त्यांत भरतं आणि मगच वर उसळतं, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या कारंज्याची धार सारख्या उंचीची राहते. पंप नसताना हे केलं होतं. आज पंप आहेत आणि आपल्याकडे किती ठिकाणी कारंजी कोरडी असतात ते तुम्हीच मोजा.

जपानी बागेबद्दल पुणेकरांना एक फायदा आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलं असेलच. पुणे आणि ओकायामा या शहरांच्या मैत्रीतून झालेली, सुमारे दहा एकरांची ती बाग ओकायामाच्या कोराकुएनवर बेतलेली आहे. कोराकुएन इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये सुरू करून १७०० च्या सुमारास पुरी केली. ती चालत फिरायची बाग. तळं, टेकाड, ओढा, चहाघर अशी एकेक दृश्यं वळणावर उलगडतात आणि पलीकडचा ओकायामाचा किल्ला बागेचाच भाग असल्यासारखा दिसतो. जपानी बागेच्या मानाने तिथे हिरवळही खूप आहे, त्यामुळे पुण्यासाठी हा नमुना निवडणं शहाणपणाचं होतं. मखमली शेवाळाची बाग पुण्यात मार्चच्या कोरड्या हवेत आठवडाभर टिकली नसती. पाण्याचंही तसंच. शेजारचा कालवा वरच्या पातळीवर आहे, त्याचं पाणी बागेतून उताराने खेळवलं आहे.

हॅमिल्टनची जपानी बाग याच्या अगदी उलट वळणाची. ती मुरोमाची काळाच्या, म्हणजे चौदाव्या ते सोळाव्या शतकाच्या धाटणीची, बसून बघायची बाग आहे. मंडपाच्या एका बाजूला रेघा ओढलेली खडी आणि दगड, दुसऱ्या बाजूला तळं. खडीवर कुणी पाय ठेवत नाही. क्योटोच्या र्योआनजी मंदिरात अशाच बागेत १५ दगड आहेत आणि ओसरीवर कुठेही बसलात तरी एक तरी दगड नजरेआड राहतो. तिथे बाग माणसाला जागेवर खिळवते, पुण्यातली पुढे पुढे ओढत नेते. दोन्ही जपानीच. म्हणून ‘जपानी शैली’ असा एकच शब्द निविदेत लिहिलेला दिसला की मला घाम फुटतो.

खडीची बाग बिनदेखभालीची, असा एक गैरसमज आपल्याकडे पक्का बसला आहे. खडीत पानं पडतात, पानं कुजून माती होते, मातीत तण येतं. रोज वेचणी आणि नियमित फणी फिरवणं हेच तिचं पाणी घालणं. शिवाय आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काळ्या दगडावर बसतात. बसाल्टच्या मुलखात काळा दगड फुकटात मिळतो म्हणून हुरळून जाऊ नका, तुषार सिंचनाचं तोंड त्या दगडापासून लांब ठेवा.

चिनी बागेत सरळ वाट शोधू नका, मिळणार नाही. वाट मुद्दाम मुरडते, भिंतीतल्या झरोक्यातून पुढच्या दृश्याचा तुकडा दाखवून पुन्हा लपवते, आणि शेवटी चढावर नदीकडे पाहणारा लाल मंडप येतो. इंग्लिश बागेत रंगांची चढती-उतरती वाफ्यांची मांडणी नीट पाहा. तिथे डिसेंबरात उन्हाळा असतो आणि सूर्य उत्तरेकडून तळपतो, त्यामुळे सावलीची बाजू आपल्या सवयीच्या उलट. माझी दिशाभूल झाली होती, तुमचीही होईल. इटालियन बागेत आस आणि उंचसखल ओटे आहेत, अमेरिकन बागेत विसाव्या शतकाच्या मध्यातली ‘घराबाहेरची बैठकीची खोली’ ही कल्पना. ट्यूडर, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या धाटणीच्या, बागेत खांबांवर सोनेरी प्राणी बसवलेत, मुलांना आवडतात.

२०२० मध्ये एक अतिवास्तववादी बाग झाली, जिथे सगळं अवाढव्य आहे आणि माणूस बुटका होतो. २०२२ मध्ये प्राचीन इजिप्तची बाग उघडली. तुमच्या ‘सेट’च्या शंकेला सगळ्यात जवळ जाते ती ही शेवटची. इजिप्तच्या बागांबद्दल जे कळतं ते मुख्यतः थडग्यांतल्या भिंतीचित्रांवरून. त्या काळची जिवंत बाग एकही उरलेली नाही. त्यामुळे रंगीत खांब आणि मधलं कुंड मन वेधून घेतात, पण तिथे बागेपेक्षा चित्रातच शिरल्यासारखं वाटतं. वाईट नाही. फक्त चारबागेला किंवा जपानी बागेला लावलेली कसोटी इथे लावता येत नाही.

आणि आता ज्या बागेसाठी मी पुन्हा जाईन ती: ते पारापारा. बहुतेक पर्यटक तिच्या कडेने निघून जातात कारण फोटोत मातीचे उंचवटे आणि लाकडी कोरीवकामाशिवाय फारसं काही येत नाही. ही माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची पारंपरिक शेतीबाग. इतर सगळ्या बागा कुठून तरी इथे आणलेल्या. ही एकटीच आपल्या जागेवर आहे. ते पारापारा हे या परिसरातल्या जुन्या माओरी वस्तीचंच नाव. तिथे मुख्य पीक कुमारा, म्हणजे आपलं रताळं. माओरींच्या पूर्वजांनी ते पॅसिफिकच्या उष्ण बेटांवरून होडीतून आणलं आणि या थंड मुलखात ते रुजेना. मग त्यांनी जमीनच बदलली. खड्डे खणून वाळू-खडी काढली आणि ती भारी मातीवर पसरली. खडीने पाण्याचा निचरा होतो, दिवसा ती तापते आणि रोपाच्या मुळाशी ऊब राहते. वायकाटोच्या खोऱ्यात असे खणलेले खड्डे आजही सापडतात. रताळ्याची लागवड छोट्या उंचवट्यांवर करतात, बियाण्याचा आणि खाण्याचा साठा थंडीपासून जपायला जमिनीत खास कोठारं असतात, आणि बागेत खांबांवर उभारलेलं कोरीव अन्नकोठार आहे. पेरणी-काढणीला देवाचं अधिष्ठान, रोंगो हा पिकांचा देव. कोकणातल्या भाजावळीचा किंवा खाचराचा अनुभव असलेल्या माणसाला इथे दुभाष्या लागणार नाही. हवामानाशी हुज्जत घालून पीक काढण्याचं हे शास्त्र आहे आणि त्यातूनच सौंदर्य आलं आहे.

बर्लिनचा उल्लेख केला तो अशासाठी की तिथे दुसरा मार्ग धरला आहे. मार्झान भागातलं हे उद्यान १९८७ मध्ये, पूर्व जर्मनीच्या काळात, शहराच्या ७५० व्या वर्षानिमित्त उघडलं. एकीकरणानंतर तिथे एकेक परदेशी बाग आली: २००० मध्ये २.७ हेक्टरची चिनी बाग, २००३ मध्ये झेन धर्मगुरू आणि बागरचनाकार शुनम्यो मासुनो यांनी आखलेली जपानी बाग, मग चार पाटांची इस्लामी परंपरेतली बाग, सोलची कोरियन बाग, २०२१ मध्ये ज्यू बाग. चिनी बागेसाठी कारागीर आणि सामान चीनहून आलं. म्हणजे ज्यांची परंपरा त्यांनाच बोलवायचं. बारकावे तिथे जास्त अस्सल आहेत, सांधे बघावेत असे. पण तिथे बागा एका विस्तीर्ण हिरवळीवर लांब लांब विखुरल्या आहेत आणि एका बागेतून दुसरीत जाताना होणारा तो बदल हॅमिल्टनइतका अंगावर येत नाही. बाली बेटाची बाग तर काचघरात आहे, कारण बर्लिनच्या हिवाळ्यात दुसरा इलाज नाही. कारागिरी शिकायची तर बर्लिन, मांडणी शिकायची तर हॅमिल्टन, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

आता तुमची नगरपरिषद. दोन एकरांत पाच देश बसवायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला, रस्ते-स्वच्छतागृह-वाहनतळ वगळून, जेमतेम १०-१२ गुंठे. त्यात भिंती घातल्या तर खोकी होतात, नाही घातल्या तर मघाशी म्हटलेला बुफे. मग ठेकेदार फायबरचा मनोरा आणि सिमेंटचा पॅगोडा सुचवतो. नेरुळच्या वंडर्स पार्कमध्ये जगातल्या आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, मुलं रमतात. तसं हवं असेल तर तसं म्हणावं, त्याला बागेची परंपरा म्हणू नये.

पाण्याचा हिशोब सभेत मांडा, चर्चा लगेच जमिनीवर येते. एप्रिल-मेमध्ये हिरवळीला रोज चौरस मीटरला पाचेक लिटर पाणी लागतं. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे रोज वीस हजार लिटर, दहा हजारांचे दोन टँकर, फक्त गवतासाठी, तेही गावाला दिवसाआड नळ येत असताना. त्यावर माळी. मी एकरी दोन कायम माळी धरतो आणि बारीक छाटणीची बाग असेल तर तीन. ठेकेदाराची देखभालीची मुदत संपल्यावर पगार कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचा, हे आराखड्याआधी ठरवा.

माझं ऐकाल तर दोनच बागा करा. एक चारबाग, छोटी, पण खोल वाफ्यांची आणि डाळिंब-लिंबू-मोगऱ्याची. पाण्याचे पाट अरुंद ठेवा, फिरतं पाणी थोडं लागतं आणि सावलीत असलं तर उडून कमी जातं. दुसरी आपली स्वतःची. इथे मंडळी विचारतात की मराठी बाग म्हणजे काय, आपल्याकडे तशी परंपराच कुठे? आहे, फक्त तिला कुणी बाग म्हणून आखून ठेवलं नाही. कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी पुण्यात आणलेलं पाणी आणि त्यावर चालणारे वाड्यांचे हौद, शनिवारवाड्यातलं कमळाच्या आकाराचं हजारी कारंजं, घाट उतरत जाणारी पुष्करणी, वडापिंपळाचा पार, सह्याद्रीतली देवराई. यातला पार आणि पायऱ्यांचं कुंड एवढं जरी नीट केलं तरी लोक रोज येऊन बसतील. देवराईसाठी कडेची दहा गुंठे बेलाशक सोडा. पहिली तीन वर्षं पाणी, मग तिचं ती बघते. आणि दोन बागांमध्ये उंच भिंत नसली तरी दाट कुंपण आणि एक वळण हवंच.

प्रवासाचं थोडं: २०२४ पासून हॅमिल्टनच्या बंदिस्त बागांना बाहेरगावच्या प्रौढांकडून प्रवेशशुल्क घेतात, शहरवासीयांना आणि मुलांना ते नाही. दिवाळीनंतर गेलात तर नोव्हेंबरपासून गुलाब सुरू होतात. रताळ्याची काढणी बघायची असेल तर मार्च-एप्रिल.

आणि नगरपरिषदेचा आराखडा पुढे सरकणार असेल तर त्या दोन एकरांचा उतार कोणत्या दिशेला आहे आणि तिथल्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी असतं, एवढं कळवा. त्याशिवाय मी रेघ मारणार नाही.